हायबॉल आणि ६१८ स्क्वाड्रन: न झालेल्या हल्ल्याची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात ‘टिर्पिट्झ’ ही जर्मन युद्धनौका नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीत, नांगरून होती, तोवर तिच्यावर नजर ठेवण्यात ब्रिटिश आरमाराची मोठी जहाजे अडकून पडली होती. दोन्ही बाजूंना उभे डोंगर आणि भोवती टॉर्पेडो अडवणाऱ्या पोलादी जाळ्या. टॉर्पेडो जाळीत अडकणार, तर वरून टाकलेला साधा बॉम्ब डेकच्या चिलखतावर फुटून जाणार. ब्रिटिश अभियंते बार्न्स वॉलिस यांनी यावर वेगळाच उपाय काढला. चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत जातो तसा बॉम्ब जाळी ओलांडून जहाजाला धडकवायचा. जर्मन धरणांसाठीच्या मोठ्या बॉम्बला ‘अपकीप’ नाव होते, जहाजांसाठीच्या धाकट्याला ‘हायबॉल’.

हायबॉलसाठी १ एप्रिल १९४३ रोजी स्कॉटलंडच्या उत्तर टोकाजवळ स्किटन येथे ६१८ स्क्वाड्रन उभी राहिली. ती ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांड या सागरी विभागाची होती आणि तिच्याकडे मॉस्किटो ही दोन इंजिनांची हलकी विमाने होती. बॉम्बकक्षाची दारे काढून एकामागे एक असे दोन हायबॉल बसवले जात. प्रत्येकाचे वजन सुमारे ५८० किलो, त्यात २७० किलोच्या आसपास टॉर्पेक्स हे स्फोटक. आकार गोल, पण दोन्ही ध्रुवांवर चपटा.

सगळी करामत उलट्या फिरकीत होती. सोडण्यापूर्वी वाऱ्यावर चालणारे टर्बाइन बॉम्बला मिनिटाला सातशेहून जास्त फेरे देई. या फिरकीने तीन कामे साधत: हवेत थोडी उचल मिळून टप्पे लांबत, अक्ष स्थिर राहून बॉम्ब वाट सोडत नसे आणि जहाजाला धडकून वेग संपल्यावर तीच फिरकी त्याला तळाच्या बाजूला ओढे. मग पाण्याच्या दाबावर चालणारा फ्यूज ठरलेल्या खोलीवर स्फोट घडवी. भोवतालचे पाणी दाबले जात नाही, त्यामुळे धक्का थेट जहाजाच्या तळावर बसे.

वैमानिकाला मात्र चुकायला फारशी जागा नव्हती. उंची सुमारे १८ मीटर, वेग ताशी ५७५ किलोमीटरच्या आसपास. उंची वाढली की बॉम्ब पाण्याला जास्त उभ्या कोनात भिडतो. मग तो टप्पा न घेता बुडतो किंवा आवरण फुटते. स्कॉटलंडमधील लॉक स्ट्रायव्हन या खाडीत ‘कूर्बे’ या जुन्या फ्रेंच युद्धनौकेवर मे १९४३ मध्ये चाचण्या झाल्या, पण भरवसा ठेवावा असे निकाल हाती आले नाहीत.

धरणांवरचा हल्ला १६ मेच्या रात्री झाला. त्याच सुमारास टिर्पिट्झवरही घाव घालायचा बेत होता, कारण एक बॉम्ब शत्रूच्या हाती लागला की दुसऱ्याचे गुपितही उघड होणार. पण हायबॉल तयार नव्हता. शिवाय टिर्पिट्झ मार्चमध्येच उत्तरेला अल्टाफ्योर्डकडे गेली होती. स्किटनपासून एका दिशेचे अंतर १७०० किलोमीटरच्या वर, म्हणजे मॉस्किटो परत येणे अशक्यच. माझ्या मते सदोष बॉम्बपेक्षा हे अंतरच हल्ल्याच्या जास्त आड आले. सप्टेंबरमध्ये बुटक्या पाणबुड्यांनी टिर्पिट्झला जबर जखमी केले. १२ नोव्हेंबर १९४४ ला ती बुडाली, तीही वॉलिस यांच्याच ‘टॉलबॉय’ बॉम्बने.

तोवर ६१८ जपानी आरमाराविरुद्ध पॅसिफिककडे निघाली होती. विमानवाहू जहाजावर उतरण्यासाठी मॉस्किटोंना हुक बसवले आणि वैमानिकांना डेकवर उतरण्याचे प्रशिक्षण दिले. ‘फेन्सर’ आणि ‘स्ट्रायकर’ या जहाजांवरून स्क्वाड्रन डिसेंबर १९४४ मध्ये मेलबर्नला पोहोचली. पण हल्ल्याचा आदेश आलाच नाही. ऑस्ट्रेलियातील नॅरोमाइन येथे जुलै १९४५ मध्ये ती बरखास्त झाली. एकही हायबॉल शत्रूवर पडला नाही. चाचण्यांतले दोन हायबॉल २०१७ मध्ये लॉक स्ट्रायव्हनच्या तळातून वर काढले गेले.