संमिश्र कनूची बांधणी (खानदेश)

काच, कार्बन किंवा ॲरामिड (केव्हलरसारखा चिवट कृत्रिम धागा) यांच्या तंतूंचे कापड रेझिनमध्ये, म्हणजे आवळून कडक होणाऱ्या द्रवात, भिजवून वल्ह्याने चालवायची हलकी, अरुंद होडी तयार करण्याचे तंत्र. खानदेशात अशा होडीला योग्य असे संथ पाणी मुख्यतः धरणांच्या फुगवट्यात मिळते. भुसावळ तालुक्यातील हतनूर धरणाचा फुगवटा तापी-पूर्णेच्या चांगदेव येथील संगमापर्यंत येतो, तर नंदुरबार जिल्ह्यात प्रकाशा आणि सारंगखेडा येथे तापीवर बॅरेज आहेत. काठावरचा गाळ तुडवत होडी खांद्यावरून पाण्यापर्यंत न्यावी लागते, म्हणून वजनाला महत्त्व.

हौशी बांधणाऱ्याला लाकडी पट्ट्यांची पद्धत सोयीची, कारण तिला वेगळा साचा लागत नाही. प्लायवूडचे फर्मे एका रेषेत उभे करून त्यांवर साधारण 6 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या चिकटवतात. मग आतून-बाहेरून काचकापड चढवतात. परदेशी नकाशांमध्ये सीडर हे लाकूड सांगितलेले असते. त्याच्या जागी सातपुड्याच्या सागाचा मोह होतो, पण सुमारे 16 फुटी कनूचे 6 चौरस मीटर पृष्ठफळ धरले, तर सीडरच्या पट्ट्या 13 किलोच्या आसपास भरतात आणि सागाच्या 23 किलोच्या. सागाचे टिकाऊपण इथे फारसे कामाचे नाही, कारण लाकूड रेझिनमध्ये बंदच असते. शिवण या झाडाचे लाकूड हा मधला मार्ग.

वजन वाढवण्यात लाकडाइतकाच रेझिनचाही हात असतो. चौरस मीटरला 200 ग्रॅम भरणाऱ्या काचकापडाला हाताने काम करताना जवळपास तेवढेच इपॉक्सी (हार्डनर मिसळून आवळणारे रेझिन) पुरते. त्यापुढचे रबरी पट्टीने ओढून काढावे. चकाकणारा, तुडुंब भिजलेला थर नवशिक्याला मजबूत वाटतो, पण तो नुसताच जड असतो. ॲरामिड ओढ चांगली सोसते, दाब नाही. म्हणून ते आतल्या बाजूला आणि घासता येणारी काच बाहेर. कार्बन ताठ आणि महाग. उन्हाळ्यात पाणी उतरून काळा पाषाण वर आला की त्याच्या एकाच टोल्याला कार्बनचा पातळ थर तडकू शकतो.

फायबरचे काम इकडे नवे नाही. पत्रे, टाक्या, कूलरच्या बॉड्या करणारे कारागीर मॅट (सुट्या काचतंतूंची चादर) आणि पॉलिएस्टर रेझिन सराईतपणे हाताळतात. इपॉक्सीची शिस्त मात्र वेगळी. पॉलिएस्टरमध्ये हार्डनरचे थेंब थोडे कमी-जास्त करून वेग जुळवता येतो. इपॉक्सीत तसे केले तर थर कायमचा चिकट राहतो, वजनकाटा हवाच. उलट पॉलिएस्टरचा हार्डनर आणि त्याचा वेग वाढवणारे कोबाल्टचे द्रावण कधीही थेट एकमेकांत मिसळू नयेत, भडका उडतो.

खरी अडचण हवामानाची. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांपुढे जातो. तापमान 10 अंशांनी वाढले की रेझिनची रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. 25 अंशांना अर्धा तास टिकणारे मिश्रण तेव्हा सात-आठ मिनिटांत आवळते, मगात साठवले तर धूरही सोडते. ते पसरट ट्रेमध्ये ओतावे आणि मंद हार्डनर घ्यावा. गारव्यासाठी पहाटे काम उरकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण लाकडावरच्या पहिल्या थरासाठी तो घातक आहे: ऊन चढताना पट्ट्यांमधली हवा प्रसरण पावून कापडाखाली बुडबुडे धरते. तो थर पारा उतरू लागल्यावर, संध्याकाळी द्यावा. पावसाळ्यात दमट हवेने इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने धुवावा, मगच पॉलिश पेपर मारावा. दिवाळीनंतरचे दिवस त्यातल्या त्यात बरे, फक्त थंडीच्या रात्री रेझिन झोपी जाते.

हातमोजे, मास्क आणि खेळती हवा यांना पर्याय नाही. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. काच आणि रेझिन पाण्यापेक्षा जड असल्याने साच्यातल्या निव्वळ फायबरच्या कनूत दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे ठेवतात.

अतिनील किरणांनी इपॉक्सी पिवळे पडून भुकटते, त्यामुळे वर यूव्ही व्हार्निश किंवा रंग आवश्यक. गडद रंग टाळावा. साध्या तापमानाला आवळलेले इपॉक्सी बहुधा 50 ते 60 अंशांदरम्यान मऊ पडू लागते, आणि खानदेशी उन्हात काळी बॉडी त्यापलीकडे सहज तापते.