मुरमातला गोल दगड आणि डायनासोरचं अंडं

साताऱ्याकडे विहीर खणली किंवा घाटात रस्ता रुंद केला, की मुरमातून पापुद्रे सुटलेले गोल गुंडे निघतात. त्यातला एखादा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ‘डायनासोरचं अंडं’ अशी चिठ्ठी लावून बसतो. पोरांनी तसं म्हणण्यात काहीच गैर नाही. पण मोठी माणसंही माना डोलावतात, ते मला अजिबात पटत नाही.

अंड्याबद्दल फार सांगत नाही, मुलांना ते पाठ असतं. गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोलीला आणि मध्य प्रदेशात धार, जबलपूरकडे ती सापडली. बरीचशी लांब मानेच्या, पाला खाणाऱ्या टायटॅनोसॉरांची, साधारण १५ ते २० सेंटिमीटरची.

खरी गोम सालीत आहे. दोन्ही गोल, दोन्हींना साल, म्हणून घोटाळा होतो. अंड्याला कवच एकच, तेही जेमतेम काही मिलिमीटर जाड. आत भरलेला गाळ कवचाहून वेगळा दिसतो आणि चांगल्या टिकलेल्या कवचावर भिंगाखाली बारीक छिद्रंही दिसतात. आपल्या गुंड्याला कांद्यासारखे एकाखाली एक पापुद्रे असतात. बाहेरचा पिवळट-तपकिरी आणि बोटांनी चुरडणारा, आत जावं तसतसे घट्ट. गाभ्यात मात्र हातोडीला खणखणीत वाजणारा काळा पाषाण. पापुद्रा आणि गाभा मुळात एकच दगड, बाहेरचा नुसता कुजलेला. म्हणजे मुरूमच.

मग तो गोल कसा झाला? लाव्हा थंड होताना आकसला, भेगा पडल्या, खडकाचे ठोकळे झाले. भेगांतून पावसाचं पाणी मुरत राहिलं. ठोकळ्याच्या सपाट बाजूला ते एकाच अंगाने लागतं, कडेला दोन अंगांनी, कोपऱ्याला तीन. त्यामुळे आधी कोपरे झिजतात, मग कडा. हे फळ्यावर काढून दाखवू नका. कपड्याच्या साबणाचा चौकोनी तुकडा मुलांकडून कापून घ्या, पाण्यात ठेवा आणि थोड्या थोड्या वेळाने त्यांनाच वहीत त्याचं चित्र काढू द्या. कोपरे हळूहळू बोथट होताना एकदा पाहिले, की गोल दिसलं म्हणजे अंडं, हा समज आपोआप सुटतो.

दुसरा प्रयोग कोंबडीच्या अंड्याच्या कवचाचा. व्हिनेगरात टाकलं की बुडबुडे येतात, कारण ते चुन्याचं. डायनासोरच्या अंड्याचं कवचही चुन्याचंच. मुरमाचा तपकिरी पापुद्रा एरवी व्हिनेगरात थंड राहतो. पण मुरमातही कुठे कुठे चुना साचतो आणि तिथे बुडबुडे दिसतात. म्हणून एकट्या व्हिनेगरवर भिस्त ठेवू नका, आधी पापुद्रे मोजा. गुंडा फोडायचा तर हातोडी मोठ्यांनी धरावी, मुलांच्या डोळ्यांवर चष्मा असावा आणि घाटातल्या सुट्या कड्याखाली तर हा उद्योग नकोच.

‘पण डायनासोर तेव्हा होतेच की!’ असं एखादी चुणचुणीत मुलगी विचारतेच, आणि तिचं बरोबर आहे. आपला काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणजे काळ जुळतो. खडक जुळत नाही. हजार अंशांच्या वर तापलेल्या रसात कवच टिकणार कसं? अंडी टिकली ती त्या लाव्ह्याखालच्या, नदी-तळ्यांच्या गाळाच्या थरांत. त्यांना लॅमेटा म्हणतात. साताऱ्यात आपल्या पायाखाली लाव्ह्याचेच थर, महाबळेश्वरच्या बाजूला तर हजार मीटरहून जाड. महाराष्ट्रातली डायनासोरची हाडं हवीत तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचं नाव सांगा.

दगडावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली, तर ती बहुतेक वेळा मँगनीजची. पान नव्हे. तेवढं सांगून पुढे जा.

बाजारातली खोदकामाची खेळणी मात्र मी मुलांच्या हाती देत नाही. प्लॅस्टरच्या गोळ्यातून अख्खा प्लॅस्टिकचा डायनासोर निघतो आणि कुठलाही दगड फोडला की आत प्राणी सापडतो, असं मुलांच्या मनात बसतं. त्याच पैशांत एक बरं भिंग घ्या.