पिंजरे धुण्याचं द्रावण आणि नव्वद दिवस

घरातल्या प्लास्टिक, प्रसाधनं आणि जंतुनाशकांतली काही रसायनं मूल होण्याच्या क्षमतेला बाधू शकतात. ते कसं कळलं आणि घरात काय बदलावं, ते इथे पाहू. ऑगस्ट १९९८मध्ये अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात, पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांची स्त्रीबीजं अचानक बिघडू लागली. बिघाड दिसला तोही तुलनेसाठी ठेवलेल्या, ज्यांच्यावर काहीच प्रयोग केला नव्हता अशा माद्यांमध्ये. स्त्रीबीज पक्व होताना गुणसूत्रांच्या जोड्या विभाजनाआधी पेशीच्या मध्यरेषेवर ओळीत येतात, कवायतीला उभ्या राहिलेल्या मुलांसारख्या. ओळ मोडली की एखादं गुणसूत्र भलत्याच बाजूला जातं. अशा बीजातून गर्भ राहिलाच, तरी तो बहुधा टिकत नाही. ओळ मोडलेली बीजं एरवी शंभरात एक-दोन असायची, ती चाळीसवर गेली.

कारण सापडलं धुण्याच्या जागी. पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या पॉलिकार्बोनेट या कडक प्लास्टिकच्या होत्या, आणि नेहमीच्या साबणाऐवजी त्या फरशी धुण्याच्या तीव्र अल्कधर्मी द्रावणाने धुतल्या गेल्या होत्या. प्लास्टिक झिजलं आणि ते बनवायला वापरलेलं बिस्फेनॉल-ए (बीपीए) हे रसायन त्यातून झिरपू लागलं. हंट यांनी पुढे ते मुद्दाम थोड्या मात्रेत देऊन पाहिलं, तेव्हाही बीजं तशीच बिघडली. हा निष्कर्ष २००३मध्ये प्रसिद्ध झाला.

वीस वर्षांनी त्याच शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत तोच अनुभव पुन्हा आला. या वेळी पिंजरे पॉलिसल्फोन नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकचे होते. ते झिजून त्यातून बिस्फेनॉल-एस बाहेर पडत होतं. बाटल्यांवर ‘बीपीए-फ्री’ छापता यावं म्हणून अनेक ठिकाणी वापरलं जाणारं रसायन ते हेच. म्हणून त्या शिक्क्यावर आमचा फारसा भरवसा नाही. एका रेणूऐवजी त्याचा सख्खा भाऊ आणून बसवला तर शरीराला फरक पडेलच असं नाही.

हे रेणू हॉर्मोनशी मिळतेजुळते असतात. बिस्फेनॉल इस्ट्रोजेनच्या कुलपात किल्लीसारखं शिरतं. थॅलेट्स, म्हणजे प्लास्टिक मऊ करायला आणि सुगंधी वस्तूंत वापरली जाणारी रसायनं, हा दुसरा मोठा गट. तो वृषणातल्या टेस्टोस्टेरॉन तयार करणाऱ्या पेशींचं काम मंदावतो. हॉर्मोनचं काम मुळातच रक्तातल्या अतिसूक्ष्म प्रमाणावर चालतं, त्यामुळे ‘इतक्याशाने काय होतंय’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३मध्ये बिस्फेनॉल-एची दिवसाची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली. म्हणजे वीस हजार पटींनी कमी केली.

माणसांवर असा प्रयोग करता येत नाही. तिथला पुरावा लघवीतलं प्रमाण आणि उपचारांचे निकाल ताडून मिळतो. बोस्टनमध्ये आयव्हीएफ (शरीराबाहेर फलन) करून घेणाऱ्या स्त्रियांच्या दीर्घ अभ्यासात, ज्यांच्या लघवीत डीईएचपी या थॅलेटचे अंश जास्त होते त्यांची स्त्रीबीजं कमी मिळाली आणि जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाणही कमी राहिलं. हा संबंध आहे, एकेका जोडप्याच्या वंध्यत्वाचं निदान नाही. स्त्रीचं वय, धूम्रपान, वजन यांचा परिणाम यापेक्षा ठळक असतो. सिगारेटचं पाकीट फुंकायचं आणि शाम्पू बदलायचा, यात काही अर्थ नाही.

तरीही घरातला बदल करण्याजोगा का, हे दोन घड्याळं शेजारी ठेवली की कळतं. पहिलं रसायनाचं. बिस्फेनॉल-ए, थॅलेट्स आणि पॅराबेन (प्रसाधनं टिकवणारी रसायनं) शरीरातून काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत बाहेर पडतात. लघवीत ती रोज सापडतात, कारण आपण ती रोज नव्याने आत घेतो. दुसरं घड्याळ बीजांचं. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्यावर बाहेर येईपर्यंतचा प्रवास. स्त्रीबीजाची थैली शेवटच्या वाढीला लागल्यापासून बीज सुटेपर्यंतही साधारण तीन महिने जातात. म्हणून बदल आज केला तर त्याचं फळ तपासायचं ते नव्वद दिवसांनी. दहा दिवसांनी वीर्यतपासणी करून ‘काहीच फरक नाही’ म्हणणं घाईचं ठरतं. गर्भधारणेचा विचार असेल तर दोघांनीही तीन महिने आधी सुरुवात करावी. आधी सुरुवात करण्याचं आणखी एक कारण आहे. मुलग्याच्या गर्भात टेस्टोस्टेरॉन जननेंद्रियं घडवतं ते साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यात, आणि त्या काळाच्या सुरुवातीला अनेकींना आपण गरोदर आहोत हे नुकतंच कळलेलं असतं.

सर्वांत लवकर फरक दिसतो तो अंगाला लावायच्या वस्तूंत. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास इथे शंभर किशोरवयीन मुलींनी फक्त तीन दिवस नेहमीची प्रसाधनं बाजूला ठेवली आणि थॅलेट्स, पॅराबेन, जंतुनाशक ट्रायक्लोसान आणि ऊन अडवणारं बेन्झोफेनोन-३ नसल्याचा दावा करणारी वापरली. त्यांच्या लघवीत सुगंधी वस्तूंतल्या थॅलेटचा अंश २७ टक्क्यांनी घटला, मिथाइल आणि प्रोपाइल पॅराबेन सुमारे ४५ टक्क्यांनी, ट्रायक्लोसान ३६ टक्क्यांनी. हा अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी: कमी वापरात असलेले दुसरे दोन पॅराबेन उलट वाढले. लेबलवर नसलेलं काहीतरी डबीत असावं.

लेबल वाचताना खरी अडचण ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘परफ्युम’ या एका शब्दाची. त्याखाली डझनावारी घटक असू शकतात आणि त्यात डायइथाइल थॅलेट असलं तरी ते वेगळं लिहिलं जातंच असं नाही. लिलियल हा सुगंधी घटक युरोपीय संघाने प्रजननाला घातक ठरवून १ मार्च २०२२पासून प्रसाधनांत बंद केला. लेबलवर तो ‘ब्यूटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल’ म्हणून असतो. जुनी बाटली असेल तर ती टाकून द्यावी. ‘अनसेंटेड’ म्हणजे सुगंधविरहित असं समजू नये. मूळ वास झाकायला त्यात दुसरा सुगंध घातलेला असू शकतो. हवं ते ‘फ्रॅग्रन्स-फ्री’. सगळंच बदलायची गरज नाही. धुऊन न टाकता अंगावर राहणारं आधी बदलावं: लोशन, डिओ, केसांचं क्रीम. साबण आणि शाम्पू पाण्याबरोबर निघून जातात, त्यांचा क्रम नंतरचा.

स्वयंपाकघरात उष्णता, तेल आणि झीज ही तीन कारणं लक्षात ठेवली तरी पुरे. गरम, तेलकट पदार्थ प्लास्टिकच्या डब्यात भरू नये आणि त्यातच मायक्रोवेव्ह करू नये. काच, स्टील किंवा चिनी माती वापरावी. तळाशी त्रिकोणात ३ म्हणजे पीव्हीसी. ७ म्हणजे ‘इतर’, त्यात पॉलिकार्बोनेटही येतं. २ आणि ५ त्यामानाने बरे. पण कुठल्याही आकड्याचा डबा धुरकट झाला, चरे पडले की अन्नातून निवृत्त करावा. हंट यांच्या पिंजऱ्यांचं झालं होतं ते हेच.

दुकानातल्या यंत्रातून निघणाऱ्या पावतीच्या चकचकीत थर्मल कागदावर बहुधा बिस्फेनॉल मोकळ्या स्वरूपात असतं. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने ती धरली तर त्वचेतून शोषण कितीतरी वाढतं, कारण सॅनिटायझरमधले घटक त्वचेचा अडसर सैल करतात. आधी पावती, मग हात धुणं, सॅनिटायझर नंतर.

फरशी पुसायच्या अनेक जंतुनाशकांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड किंवा डायडेसिल डायमिथाइल अमोनियम क्लोराइड असतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या संशोधक टेरी ह्रूबेक यांच्या उंदरांची वीण या दोन्हींच्या मिश्रणाने घटली: माद्यांत बीजं कमी सुटली, नरांत शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी झाली. माणसाच्या घरातली मात्रा वेगळी असते, पण हे पदार्थ पुसल्यावर पृष्ठभागावर थर धरून राहतात. रोजच्या फरशीला साधा साबण पुरतो. घरात आजारी माणूस असेल तेव्हा जंतुनाशक बाटलीवरच्या मापानेच पाण्यात घालावं, सांगितलेली मिनिटं ठेवावं आणि ओटा किंवा ताटं ठेवायची जागा स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावी. ब्लीच त्यात किंवा ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. ॲसिडबरोबर ब्लीचमधून क्लोरीन वायू सुटतो.

थॅलेट्स आणि अग्निरोधक रसायनं धुळीलाही चिकटतात. कोरडा झाडू ती धूळ हवेत उडवतो. ओलं फडकं ती उचलतं.

एक थेट नुकसान मात्र हमखास दुर्लक्षित राहतं, ते संभोगाच्या वेळी वापरायच्या वंगण जेलचं. वीर्याची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांची दाटी, साधारण ३०० मिलिऑस्मोल प्रति किलोच्या आसपास असते. ग्लिसरीन जास्त असलेल्या जेलमध्ये ती कित्येक पटींनी वाढते आणि शुक्राणू आक्रसून थांबतात. लाळही शुक्राणूंची हालचाल मंदावते. मूल हवं असताना वंगण लागलंच तर गर्भधारणेसाठी तपासलेलं, हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोजचं घ्यावं.

आणि कुणी रंगकाम, छपाई किंवा यंत्रं धुण्याचं काम करत असेल, तर डॉक्टरांकडे जाताना थिनरच्या डब्याच्या लेबलचा फोटो न्यावा. त्यावर २-मिथॉक्सीइथेनॉल किंवा २-इथॉक्सीइथेनॉल असेल, तर ती शुक्राणू घटवणारी नेमकी रसायनं आहेत.