फोन टॅपिंगबद्दल माहिती अधिकारात अर्ज: प्रश्न कोणता विचारायचा, कोणता नाही

‘माझा फोन टॅप होतोय का, ते कळवावे,’ असा अर्ज केलात तर तो कलम 8(1)(क) खाली फेटाळला जाणार, हे धरूनच चाला. टॅपिंगचे आदेश मुळात देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व अशा कारणांसाठीच निघतात, म्हणून ते उघड करता येत नाहीत, असं दिल्ली उच्च न्यायालयानंही म्हटलं आहे. अपिलांमध्ये वर्ष घालवून तेच उत्तर घेण्यापेक्षा प्रश्नच बदला.

विचारायचं ते देखरेखीबद्दल. आदेश केंद्रात गृहसचिव काढतात, राज्यात गृह विभागाचे सचिव. 2024 च्या दूरसंचार नियमांनुसार त्याची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत आढावा समितीकडे गेली पाहिजे. या समितीचे अध्यक्ष केंद्रात मंत्रिमंडळ सचिव, राज्यात मुख्य सचिव, आणि सोबत आणखी दोन सचिव. न्यायाधीश नाही, लोकप्रतिनिधी नाही, सरकारबाहेरचं कुणीच नाही. दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या केंद्रीय समितीला एका बैठकीत 15 ते 18 हजार आदेश तपासावे लागतात, हे डेटा संरक्षणावरच्या श्रीकृष्ण समितीनं 2018 च्या अहवालात नोंदवलं आहे. इतके आदेश एका बैठकीत कुणी खरोखर वाचत असेल, यावर विश्वास बसत नाही.

म्हणून अर्जात एवढंच मागा: अमुक वर्षात समितीच्या बैठका किती व कोणत्या तारखांना झाल्या, किती आदेश तपासले, किती रद्द केले. नाव, नंबर, प्रकरण काहीही नको. तरीही नकार आला तर अपिलात दोन मुद्दे मांडा. एक, कलम 10 नुसार गोपनीय भाग वगळून उरलेली माहिती देता येते. दुसरा, केंद्र सरकार महिन्याला 7,500 ते 9,000 आदेश काढत होतं, हा जुना आकडा माहिती अधिकारातूनच बाहेर आलेला आहे.

अर्ज गृह विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करा, गुप्तचर यंत्रणेकडे नको. आयबी, रॉ कलम 24 मुळे कायद्याबाहेर आहेत. मानवी हक्कांच्या उल्लंघनाचा अपवाद आहे खरा, पण त्याला माहिती आयोगाची मंजुरी लागते आणि मुदत 30 नव्हे, 45 दिवसांची असते. महाराष्ट्रात शुल्क 10 रुपये, विषय एकच, शब्द 150. आपल्यावरच्या अन्यायाची सगळी हकिगत त्यात कोंबू नका. कारण द्यायची सक्ती कायद्यात नाहीच.

मुदतीचा घोळ फार होतो. नियमांतले 60 दिवस हे टॅपिंगच्या आदेशाचं आयुष्य आहे (वाढवून जास्तीत जास्त 180). तुमच्या तक्रारीची ती मुदत नव्हे. तुमचे दिवस वेगळे: उत्तर मिळाल्यापासून, किंवा 30 दिवसांत उत्तरच आलं नाही तर तिथून पुढे, 30 दिवसांत प्रथम अपील; त्यानंतर 90 दिवसांत द्वितीय अपील. घाई करायची ती दुसऱ्याच कारणासाठी. एरवी गरज नसेल तर टॅपिंगच्या नोंदी दर सहा महिन्यांनी नष्ट केल्या जातात.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो: आदेशाची प्रत. ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कळवण्याची तरतूद नाही, आणि आढावा समितीकडे नागरिकानं तक्रार करायची सोयही नाही. हे चीड आणणारं आहे, पण समितीला पत्रं धाडून काही हाती लागत नाही. प्रत मिळण्याची वाट एकच, न्यायालयाची. दोषारोपपत्रात रेकॉर्डिंगचा आधार घेतला असेल तर वकिलामार्फत मूळ आदेश आणि तो समितीपुढे गेल्याची नोंद मागा. तारखा जुळतात का, कारणं लिहिली आहेत का, ते बघा. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाचखोरीच्या एका प्रकरणातले तीन आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं, कारण सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्नच तिथे नव्हता.

खटला नसेल तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका उरते. ‘फोनवर खरखर येते’ एवढ्यावर ती टिकत नाही. हाती काही ठोस असेल तरच त्या खर्चात पडा. आणि संशय सरकारवर नसून एखाद्या खासगी माणसावर असेल, तर माहिती अधिकारात वेळ न घालवता थेट पोलिसांत तक्रार द्या. बेकायदा टॅपिंगला 2023 च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.