दीपगृह आणि बोया

दीपगृह म्हणजे किनाऱ्यावर, बेटावर नाहीतर थेट समुद्रातल्या खडकावर उभा केलेला दिव्याचा मनोरा, आणि बोया म्हणजे बंदराच्या वाटेवर तळाशी साखळीने बांधून ठेवलेली तरंगती खूण. काम दोघांचं एकच, जहाजाला तू कुठे आहेस आणि कुठून जायचं ते सांगणं. हल्ली सगळे लाइटहाऊसच म्हणतात, जुने लोक दिवादांडी म्हणायचे. बोया हा शब्द मात्र कोळी लोक जाळ्याला बांधायच्या तरंगत्या गोळ्यालाही वापरतात, म्हणजे बंदरावर कुणी बोया म्हणालं की आधी कुठला ते विचारून घ्यावं.

पुण्यात बसून याची नोंद कशाला असं वाटेल, कारण समुद्र बघायचा तर ताम्हिणी उतरावा लागतो. पण लोणी काळभोरचं मॅनेट आणि तळेगावजवळ इंदुरीचं तोलानी, या दोन्ही कॉलेजांत मर्चंट नेव्हीची पोरं तयार होतात आणि लाटा बघायच्या आधी ती बोयांचे रंग घोकतात. शिवाय खडकवासल्याला सीडब्ल्यूपीआरएस हे पाण्याचं आणि बंदरांचं सरकारी संशोधन केंद्र आहे, १९१६ साली सुरू झालेलं, सिंहगडला जाताना आपण त्याच्या जवळून निघून जातो. तिथे बंदरांची छोटी मॉडेल बांधून लाटा, भरती-ओहोटी, गाळ यांचा अभ्यास होतो. अशा मॉडेलचं गणित मजेशीर असतं, लांबी शंभरपट लहान केली तर वेळ दहापटच लहान होतो, म्हणजे खरी सव्वाबारा-साडेबारा तासांची एक भरती-ओहोटी तिथे साधारण सव्वा तासात उरकते. चॅनेल, म्हणजे जहाजांसाठी खणलेली खोल वाट, कुठून काढायचं हे आधी असं ठरतं आणि मग त्याच्या कडेने बोया लागतात.

आता दिव्याचं. लोकांना वाटतं दीपगृह म्हणजे मोठ्ठा दिवा, पण नुसता दिवा काहीच सांगत नाही, किनाऱ्यावर हॉटेलांचे पण दिवे असतातच की. सांगतो तो त्याचा ताल. प्रत्येक दीपगृहाची लुकलुक ठरलेली, कुणी दहा सेकंदांत दोनदा चमकणार, कुणी पंधरात तीनदा, आणि आसपासच्या दोघांचा ताल सारखा होऊ देत नाहीत. हा ताल नकाशावर छापलेला असतो, भारतात हे नकाशे डेहराडूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस काढतं (डेहराडूनला समुद्र पुण्याहूनही लांब!). हर्णैला मासळीचा लिलाव बघायला गेलात तर अंधार पडेपर्यंत थांबा, शेजारी कनकदुर्गावर दीपगृह आहे, मोबाइलचं स्टॉपवॉच लावून दोन चमकांमधले सेकंद मोजा, तीन-चार वेळा तोच आकडा आला की कळतं खलाशी काय करत असतील ते.

उंचीचं कारण पृथ्वीची गोलाई. दिव्याच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ आणि बघणाऱ्याच्या उंचीचं वर्गमूळ, दोघांची बेरीज करून २.०८ ने गुणलं की किती सागरी मैलांवरून दिवा दिसेल ते येतं. दिवा ३६ मीटरवर आणि बघणारा जहाजाच्या ब्रिजवर (जहाज चालवायच्या वरच्या खोलीत) ९ मीटरवर असेल तर ६ अधिक ३, म्हणजे १८.७ मैल, जवळजवळ ३५ किलोमीटर. त्यापुढे दिवा कितीही पॉवरफुल करा, क्षितिजाखालीच राहतो. म्हणून कोकणात बरेच दिवे किल्ल्यांवर आणि कड्यांवर आहेत, अर्धी उंची डोंगराने फुकट दिली.

मुंबईच्या तोंडाशी असलेलं खांदेरीचं दीपगृह १८६७ चं, आणि ते ज्या बेटावर आहे तिथे शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये किल्ला बांधायला घेतला होता, इंग्रजांचा जळफळाट झाला तोच किल्ला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. कुलाब्याच्या दक्षिणेला खडकावर प्रॉंग्स आहे, १८७५ चं.

पूर्वी तेलाचे दिवे होते आणि अर्धा उजेड आभाळात वाया जायचा. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाने काचेच्या कड्या एकाभोवती एक रचून तो सगळा उजेड सपाट झोतात आणला, १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहात ते भिंग बसलं. ही भिंगं टनांनी वजनाची, ती पाऱ्यावर तरंगत ठेवायचे म्हणजे हाताने ढकललं तरी फिरायची. पुढे स्वीडनच्या गुस्ताफ डालेनने गॅसच्या दिव्यांसाठी सूर्य उगवला की आपोआप बंद होणारी झडप काढली, त्याला १९१२ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी गॅसच्या स्फोटात त्याची दृष्टी गेली. आता एलईडी आणि सोलर पॅनेल आहेत, पूर्वी माणूसभर उंचीच्या भिंगातून जे काम व्हायचं ते पाण्याच्या कॅनएवढ्या दिव्यात होतं, बघायला अगदीच मिळमिळीत पण चालतं मस्त.

बोयांचं प्रकरण जास्त भारी आहे. १९८० मध्ये आयाला या दीपगृहं-बोयांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पुढाकाराने जगाची दोन भागांत वाटणी झाली. भारत अ भागात, म्हणजे समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे आणि हिरवा उजवीकडे ठेवायचा, अमेरिका आणि जपानकडे बरोबर उलटं. लाल डब्याच्या आकाराचा, हिरवा शंकूसारखा, म्हणजे उन्हाने रंग उडाला तरी आकारावरून कळतं. पिवळे-काळे बोया दिशा सांगतात, त्यांच्या डोक्यावर दोन शंकू असतात, उत्तरेला दोन्ही टोकं वर, दक्षिणेला दोन्ही खाली, पूर्वेला बुडाला बूड जोडून पत्त्यातली चौकट, पश्चिमेला टोकाला टोक म्हणजे सरळ डमरू. त्यांचा दिवा घड्याळ समजायचं, पूर्व तीन चमका, दक्षिण सहा आणि एक लांब, पश्चिम नऊ, उत्तर न थांबता. उत्तरेचा बोया म्हणजे माझ्या उत्तरेने जा, धोका दक्षिणेला आहे. इथे नवशिक्यांचा हमखास घोळ होतो. काळ्यावर लाल पट्टे आणि वर दोन काळे गोळे म्हणजे खाली खडक, जवळ येऊच नको. नुकतंच जहाज बुडालं असेल तिथे निळा-पिवळा, हा २००२ मध्ये इंग्लिश खाडीत बुडालेल्या ट्रायकलरवर नंतर आणखी जहाजं आपटली तेव्हा सुचलेला.

बोया जागेवर खिळलेला मात्र नसतो. खाली काँक्रीटचा जड ठोकळा, वर साखळी, आणि मुंबईकडे पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं म्हणून साखळी ढिली सोडावीच लागते, मग ओहोटीला तो गोल फिरत बराच सरकतो. पावसाळ्यात साखळी तुटून वाहूनही जातो. म्हणून एकट्या बोयावर भरवसा ठेवू नये हे पहिल्या दिवशी शिकवतात. बुडाला शेवाळ आणि शिंपल्या इतक्या चिकटतात की अधूनमधून उचलून खरवडावं लागतं, म्हणून नवीन बोया लोखंडाऐवजी प्लास्टिकचे करतात, हलके आणि गंज नाही.

भारतात दीपगृहांचा कारभार नोएडाच्या महासंचालनालयाकडे आहे (नोएडाला पण समुद्र नाही, एक परंपराच दिसते). १९२७ चा दीपगृह कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा आला, त्यात दिव्यांबरोबर रेडिओ आणि एआयएस (जहाजं आपली जागा रेडिओवरून एकमेकांना कळवतात ती यंत्रणा) पण धरलेत. २०२४ मध्ये ७५ दीपगृहं पर्यटनासाठी तयार करून खुली केली. त्याच वर्षी पालघरला वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं, असं बंदर उभं राहतं तेव्हा चॅनेलच्या दोन्ही कडांना खुणांची सगळी रांग नव्याने मांडावी लागते.

जीपीएस आल्यावर हे सगळं कशाला, हा प्रश्न नेहमी येतो. पण जीपीएसचा सिग्नल जाम करता येतो, २०२५ मध्ये होर्मुझकडे जहाजांच्या स्क्रीनवर भलत्याच जागा दिसत होत्या, डोळ्याला दिसणारा दिवा तसा फसवता येत नाही. आता आभासी बोयाही निघालेत, पाण्यात काही नाही, फक्त एआयएसवरून जहाजाच्या स्क्रीनवर खूण उमटते. नवीन बुडालेल्या जहाजाभोवती तासाभरात खूण लावायला हे उत्तम, पण ज्या होडीत तसली स्क्रीनच नाही त्या तांडेलाला तिथे नुसतं काळं पाणी दिसतं.