लाइट मारला की वायू सोडणारी फिल्म आली कुठून?

फिल्मवर (म्हणजे रसायन अडकवलेल्या पातळ थरावर) लाइट मारला की नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो आणि डिशमधल्या कॅन्सरच्या पेशी मरतात, हे ऐकायला एकदम नवीन वाटतं, पण सुरुवात पार १९५५ ची आहे. अमेरिकन औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉटच्या लॅबमध्ये सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या प्रकाश पडला की सैल पडायच्या, का ते काही कळेना. मग १९८० मध्ये त्यानेच दाखवलं की रक्तवाहिनीचं आतलं अस्तर काहीतरी सोडतं म्हणून ती सैल होते, आणि ते काहीतरी म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच हे १९८७ पर्यंत बऱ्यापैकी पक्कं झालं (लाफिंग गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड, तो वेगळा हां). १९९८ चं नोबेल यावरच, फर्चगॉट, इग्नारो आणि मुरादला.

गंमत म्हणजे औषधाच्या बाबतीत प्रकाश ही कटकटच होती. बीपी झटपट उतरवणारं सोडियम नायट्रोप्रुसाइड उजेडात खराब होतं, म्हणून सलाइनची बाटली फॉइलमध्ये गुंडाळतात. केमिस्ट लोकांनी हीच खोड कामाला लावली. १८५८ मध्ये फ्रेंच केमिस्ट रूसँने बनवलेले लोह-गंधकाचे क्षार प्रकाशात हाच वायू सोडतात, त्यावर १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या पीटर फोर्डच्या ग्रुपने काम केलं, पुढे सांता क्रूझला प्रदीप माशारक यांनी मँगनीज आणि रुथेनियमची संयुगं आणली.

पण संयुग नुसतं पेशींवर ओतलं तर उरलेला धातू आणि कचरा पण तिथेच राहतो, मग पेशी मेली ती वायूने की कचऱ्याने, सांगणार कोण? त्यात हा वायू शरीरात काही सेकंदच टिकतो, आणि थोडा असेल तर पेशीला उलट वाढायला मदतच करतो, मारायला भरपूर लागतो. म्हणून संयुग पॉलिमर किंवा सोल-जेलच्या (द्रावणातून बनवलेल्या काचेसारख्या पदार्थाच्या) थरात, म्हणजे फिल्ममध्ये, अडकवायचं, वायू तेवढा बाहेर येतो आणि किती यायचा ते लाइट किती वेळ चालू यावर. टेस्ट करताना एक डिश फिल्मसकट अंधारात, एक फिल्मशिवाय उजेडात आणि एक दोन्हीसकट. पहिल्या दोन्हींत पेशी धडधाकट राहिल्या तरच तिसरीचा रिझल्ट खरा. माझ्या मते अंधारातली डिश सगळ्यात महत्त्वाची, रिपोर्टमध्ये आधी तीच बघावी.

फोटोडायनॅमिक थेरपी, म्हणजे रंगद्रव्य देऊन त्यावर उजेड टाकून पेशी मारायची पद्धत, याहून जुनी, १९०० मध्ये ऑस्कर राबने रंग आणि उजेड एकत्र वापरून पॅरामेशियम (एकपेशी जीव) मारले तिथपासूनची. पण तिला सहसा ऑक्सिजन लागतो आणि कॅन्सरच्या गाठीच्या आत तोच कमी असतो. नायट्रिक ऑक्साइड सुटायला ऑक्सिजनची गरज नाही, म्हणून लोक इकडे वळले. अडचण उरते खोलीची, यूव्ही आणि निळा प्रकाश टिश्यूत फार आत जात नाही, डिशमध्ये पेशींचा एकच थर असतो म्हणून तिथे हे जाणवतच नाही, त्यामुळे आता लाल प्रकाशावर चालणारी संयुगं शोधणं चाललंय.