दुसऱ्या राज्यातून आलेल्या सीडीएल चालकाला कॅलिफोर्नियात स्कूल बस चालवायची असेल तर

अमेरिकेत एका राज्याने दिलेल्या सीडीएलवर, म्हणजे व्यावसायिक वाहन परवान्यावर, देशभर ट्रक चालवता येतो. त्यामुळे टेक्सास किंवा न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियात राहायला आलेल्या चालकाला वाटतं, पत्ता बदलला की स्कूल बसची नोकरी धरता येईल. तसं होत नाही. सीडीएलवर प्रवासी वाहनासाठीची 'पी' आणि स्कूल बससाठीची 'एस' अशा दोन नोंदी तर हव्यातच, पण त्याशिवाय राज्याचं वेगळं स्कूल बस चालक प्रमाणपत्र लागतं. मागे कितीही वर्षं पिवळी बस चालवली असली, तरी हे प्रमाणपत्र कॅलिफोर्नियातच काढावं लागतं.

भारतातल्या परवान्याचा इथे उपयोग नाही. एसटीवर उभी हयात घालवलेल्या माणसालाही सीडीएलसाठी पहिल्यापासूनच सुरुवात करावी लागते. खालची माहिती अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी आहे. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांचे सीडीएलचे नियम वेगळे आहेत.

सुरुवात परवाना बदलण्यापासून. केंद्राचा नियम नव्या राज्यात स्थायिक झाल्यावर 30 दिवसांची मुदत देतो, पण कॅलिफोर्निया 10 दिवसांतच अर्ज करायला सांगतं. जुना परवाना डीएमव्हीकडे, म्हणजे राज्याच्या मोटार वाहन विभागाकडे, जमा करावा लागतो, कारण 1986 च्या केंद्रीय कायद्यानुसार व्यावसायिक चालकाकडे एकच परवाना असू शकतो. सोबत ओळखीचा व कायदेशीर वास्तव्याचा पुरावा, सोशल सिक्युरिटी क्रमांक, कॅलिफोर्नियातल्या पत्त्याचे पुरावे आणि वैद्यकीय तपासणीचा अहवाल न्या. गेल्या 10 वर्षांत ज्या ज्या राज्यांत परवाना होता, ती सगळी अर्जात लिहायची असतात. राज्यांच्या नोंदी एकमेकांना जोडलेल्या आहेत. जुनं चलन गाळून काही साधत नाही.

'एस' नोंद आधीच असेल, तर केंद्राने 7 फेब्रुवारी 2022 पासून सक्तीचं केलेलं प्राथमिक प्रशिक्षण पुन्हा घ्यावं लागत नाही. पहिल्यांदाच घेणाऱ्याने मात्र केंद्राच्या यादीतल्या संस्थेत ते पूर्ण करायचं, मग लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष बसवर चाचणी द्यायची. ट्रकवाले इथे एका गोष्टीत फसतात. मोठी स्कूल बस वर्ग 'बी'मध्ये मोडते. तुमचा परवाना वर्ग 'ए'चा, म्हणजे जड ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकचा, आहे आणि चाचणी 'बी' बसवर दिली, तर परवान्यावर 'एम' निर्बंध येतो. त्याने ट्रकला काही अडत नाही, स्कूल बसलाही नाही. पण सोपी म्हणून छोट्या वर्ग 'सी' बसवर चाचणी दिली, तर 'एन' निर्बंध बसतो आणि मोठी बस हातची जाते.

राज्याच्या प्रमाणपत्राचं काम मुख्यतः कॅलिफोर्निया हायवे पेट्रोल, म्हणजे सीएचपी, पाहतं. बोटांचे ठसे देऊन गुन्हेगारी नोंदींची छाननी होते. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला दार बंद. किमान 40 तासांचं प्रशिक्षण लागतं: 20 तास वर्गात, 20 तास गाडीवर. ते राज्यमान्य प्रशिक्षकाकडूनच घ्यावं लागतं, आणि असे प्रशिक्षक प्रामुख्याने शाळा जिल्ह्यांकडे, म्हणजे एकेका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांकडे, व बस कंत्राटदारांकडे असतात. म्हणून माझं मत असं, की आधी नोकरीचा अर्ज करावा आणि प्रशिक्षण तिथूनच घ्यावं. त्यानंतर सीएचपीची लेखी परीक्षा, रस्त्यावरची चाचणी आणि प्रथमोपचाराची परीक्षा.

अनुभवी चालकालाही इथे नवं शिकायला मिळतं. आठवीपर्यंतच्या मुलांना रस्ता ओलांडून जायचा असेल, तर कॅलिफोर्नियात चालकाने स्वतः बसमधून उतरून, हातात 'स्टॉप'चा फलक धरून त्यांना पलीकडे न्यायचं असतं. नुसते लाल दिवे लावून भागत नाही. दुसऱ्या राज्यांतून आलेल्यांची सवय इथेच आड येते.

नोकरी देणारी संस्था रुजू करून घेण्याआधी अमली पदार्थांची चाचणी घेते आणि केंद्राच्या क्लिअरिंगहाऊसमध्ये, म्हणजे सीडीएल चालकांच्या अमली पदार्थ व दारूविषयक नियमभंगांच्या ऑनलाइन नोंदवहीत, तुमची नोंद तपासते. त्यासाठी तिथे खातं उघडून ऑनलाइन संमती द्यावी लागते. हे आधीच करून ठेवा. कॅलिफोर्नियात गांजा कायदेशीर असला, तरी सीडीएल चालकाची चाचणी केंद्राच्या नियमाने होते, आणि तिथे ती सबब चालत नाही. क्लिअरिंगहाऊसमध्ये 'मनाई' अशी नोंद असलेल्याचा सीडीएल नोव्हेंबर 2024 पासून राज्यच काढून घेतं.

प्रमाणपत्र 5 वर्षांचं असतं. मधल्या काळात दरवर्षी 10 तासांचं प्रशिक्षण आणि दर 2 वर्षांनी वैद्यकीय तपासणी चुकत नाही. वयाच्या 65 पासून ही तपासणी दरवर्षी करावी लागते.